अर्धवट पदवी आणि पुरे नियम

आपल्या विद्यापीठांस दोन प्रकारच्या माणसांविषयी विशेष आदर असतो. ज्यांनी नेमलेल्या वयात, नेमलेल्या वाटेने शिक्षण पुरे केले ते एक. आणि ज्यांनी ते रीतीबाहेर, घरी, चुलीपाशी किंवा तुरुंगात मिळविले, परंतु जे पुढे थोर ठरले ते दुसरे. पहिल्यांस विद्यापीठे पदव्या देतात. दुसऱ्यांची नावे स्वतःस लावून घेतात. या दोहोंच्या मध्ये एक मोठा वर्ग आहे. त्याने शिक्षणास आरंभ केला, संसाराने, दुष्काळाने किंवा बापाच्या मृत्यूने त्यास मध्येच वर्गातून उठविले, आणि आज पस्तिशीत वा पंचेचाळिशीत तो परत येऊन म्हणतो की, माझे राहिलेले पुरे करू द्या. या वर्गाविषयी विद्यापीठांस आदर नाही, द्वेषही नाही. त्यांच्या फॉर्मात या माणसासाठी रकानाच नाही. आजचा आमचा लेख या नसलेल्या रकान्याविषयी आहे.

आमचे म्हणणे प्रथमच स्पष्ट सांगतो. प्रौढ मनुष्य पदवी पुरी करण्यास परत येतो तेव्हा त्यास तीनच गोष्टी विचाराव्यात: तुझे वय काय, तुला आज काय येते, आणि तुझे काय राहिले आहे. त्याऐवजी आज त्यास विचारले जाते ते असे: बारावीचे प्रमाणपत्र कोठे आहे, मध्यंतरीच्या खंडाचे प्रतिज्ञापत्र कोठे आहे, स्थलांतराचा दाखला कोठे आहे, आणि तू ज्या पद्धतीत शिकलास ती आता राहिली आहे काय. पहिले तीन प्रश्न विद्येचे आहेत. दुसरे चार दप्तराचे आहेत. दप्तराने विद्येच्या आसनावर बसावे हे आम्हांस मान्य नाही.

हा प्रश्न आम्ही मुद्दाम एका जिल्ह्याच्या आधाराने मांडतो. कारण सर्वसामान्य विधाने करणे सोपे असते आणि ती विसरणे त्याहून सोपे. तो जिल्हा म्हणजे अहमदनगर, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. ज्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्याने घेतले त्या याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी १७२५ साली जन्मल्या. त्या काळी मुलींस शाळा नव्हती. त्या घरीच लिहावयास व वाचावयास शिकल्या असे चरित्रकार सांगतात. आणि घरी शिकलेल्या या बाईने पुढे इंदूरचे राज्य असे चालविले की, त्या राज्यकारभाराचा अभ्यास आज इतिहासाच्या पदवीचे विद्यार्थी करतात. नगरचा जिल्हा ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो त्या पुणे विद्यापीठास २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. सावित्रीबाईंचा विवाह १८४० साली झाला आणि त्यांचे शिक्षण विवाहानंतर सुरू झाले. अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी त्या नगरला मिस फरार यांच्या संस्थेत आल्या होत्या असेही चरित्रकार नमूद करतात. म्हणजे ज्या विद्यापीठाने त्यांचे नाव घेतले त्याची अधिष्ठात्री लग्नानंतर शिकू लागलेली विद्यार्थिनी आहे. आज तशीच एखादी विवाहिता शाळेच्या दाखल्यावाचून, केवळ ज्ञानाच्या बळावर, त्याच विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात पदवीच्या वर्गासाठी आली तर प्रवेशाच्या खिडकीतून तिला काय उत्तर मिळेल, हे वाचकांनीच सांगावे.

आणखी एक नगरकरीण घ्या. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली जन्मल्या. अक्षरओळख लग्नानंतर, तीही नवऱ्याच्या लहरीप्रमाणे कधी चालू तर कधी बंद, अशी त्यांची शाळा. परंतु त्यांनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांत अग्रगण्य ठरली, आणि रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनीच पुरे केले. ज्या बाईने दुसऱ्याचे अर्धवट राहिलेले काव्य पुरे करून दाखविले, तिला आपल्या नियमांप्रमाणे बी. ए.च्या पहिल्या वर्षास बसता आले नसते. तिचे पुस्तक अभ्यासक्रमात चालते, तिच्यावर प्रश्न काढता येतो, तिच्यावर प्रबंध लिहून डॉक्टर होता येते. फक्त तिला आत येता येत नाही!

याच नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेसचे पुढारी बंदिवासात होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तेथे लिहिले हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहीत होते. मौलानांचे सारे शिक्षण घरी, वडिलांच्या व खाजगी शिक्षकांच्या हाताखाली झाले. शाळा किंवा महाविद्यालय त्यांनी विद्यार्थी म्हणून पाहिले नाही. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री तेच झाले, आणि २८ डिसेंबर १९५३ रोजी विद्यापीठ अनुदान मंडळाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. पुढे याच मंडळाने पदवीच्या प्रवेशासाठी बारा वर्षांच्या शालेय शिक्षणाची अट घातली. ज्याच्या हाताने दिवा लावून घेतला, त्याच्यासारख्यालाच दारात उभे करावयाचे, असा हा न्याय आहे.

आणि शेवटचे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि तिच्या शाळा व महाविद्यालये नगर जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले होते. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांस डी. लिट. ही सन्मान्य पदवी दिली, आणि ते योग्यच केले. परंतु त्यातून निघणारा अर्थ विद्यापीठाने अद्याप घेतलेला नाही. विद्या शाळेच्या दाखल्यावाचूनही माणसाच्या ठिकाणी वसू शकते, हे जर विद्यापीठाने सर्वोच्च पदवी देताना मान्य केले, तर सर्वांत खालची पदवी मिळविण्याची संधी मागणाऱ्यास ते अमान्य का व्हावे? सन्मानासाठी एक न्याय आणि परीक्षेसाठी दुसरा, हे तर्काला धरून नाही.

आता कोणी म्हणेल की, ही थोरांची उदाहरणे झाली. नियम सामान्यांसाठी असतात. मान्य. मग सामान्यांकडेच वळू.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीस बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे बाहेर पडतात. गळिताचा हंगाम आणि महाविद्यालयाचे दुसरे सत्र ही एकाच वेळी येतात. ज्या मुलास आईबापांबरोबर कोयता धरावा लागतो त्याची हजेरी कागदावर कशी भरावी? याच जिल्ह्यातून फौजेत जाणारे तरुण आहेत. ते अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सोडतात आणि चाळिशीच्या आत निवृत्त होऊन परत येतात. १९७२च्या दुष्काळात शाळा सोडून खडी फोडावयास गेलेल्यांची पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्यापैकी ज्यांस शिकण्याची इच्छा राहिली होती त्यांचा काळ या नियमांतच निघून गेला. आणि सर्वांत मोठी संख्या बायकांची. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात असताना ‘स्थळ चांगले आले’ म्हणून जिचे लग्न झाले, अशी एक तरी स्त्री ज्या घरात नाही असे मध्यमवर्गीय घर आमच्या वाचकांनी आम्हांस दाखवावे.

अशा एका बाईची आपण कल्पना करू. तिने वीस वर्षांपूर्वी बी. ए.ची दोन वर्षे उत्तीर्ण केली. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरावयाचा राहिला. आता मुले मोठी झाली आहेत, सासूबाईंचे आजारपण सरले आहे, आणि तिला पदवी पुरी करावयाची आहे. ती महाविद्यालयात जाते. तेथे तिला कळते की, ती ज्या वार्षिक परीक्षेच्या पद्धतीने शिकली ती आता नाही. तिच्या जागी सत्रपद्धती आली, मग श्रेयांक आले, मग २०२०चे नवे शैक्षणिक धोरण आले. तिची दोन वर्षे यांपैकी कोणत्याच साच्यात बसत नाहीत. समकक्षतेचा अर्ज करावा लागेल, तो कोणी मंजूर करावयाचा हे येथे कोणास नक्की ठाऊक नाही. त्यापेक्षा ताई, तुम्ही पहिल्या वर्षालाच प्रवेश घ्या, असा सल्ला तिला मिळतो. हा सल्ला देणारा लेखनिक वाईट मनुष्य नसतो. त्याच्यापुढे जो नियम आहे त्यात तिच्यासाठी ओळ नाही, इतकेच. परंतु त्या एका वाक्याने दोन वर्षांचा अभ्यास, दोन परीक्षा आणि वीस वर्षांची इच्छा यांची किंमत शून्य होते.

नव्या धोरणाचे कैवारी येथे आम्हांस थांबवितील. ते म्हणतील की, शिक्षण मध्येच सोडून परत येता यावे हेच तर या धोरणाचे एक मुख्य सूत्र आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. आणि मिळविलेले श्रेयांक साठविण्यासाठी २०२१ साली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांकांची पेढीच काढली आहे. या योजनेमागचे तत्त्व आम्हांस पूर्णपणे मान्य आहे आणि ते आम्ही मनापासून वाखाणतो. परंतु या पेढीचे नियम वाचून पाहावेत. तीत २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पुढे मिळविलेलेच श्रेयांक जमा होतात, आणि त्यांची मुदत सामान्यतः सात वर्षांची आहे. म्हणजे ज्यांचे शिक्षण खरोखर तुटले, ज्यांच्यासाठी अशा पेढीची गरज होती, त्यांचे खातेच तेथे उघडत नाही. आणि जी मुलगी आज विसाव्या वर्षी शिक्षण सोडील तिने सत्ताविसाव्या वर्षाच्या आत परत आले पाहिजे. सत्ताविसावे वर्ष! ज्या वर्षी तिच्या कडेवर एक मूल आणि हाताशी दुसरे असण्याचा संभव असतो, तेच वर्ष तिच्या परतण्याची शेवटची तारीख म्हणून ठरविण्यात कोणते शहाणपण आहे? पेढीत ठेवलेले सोने सात वर्षांनी नाहीसे होते असे एखाद्या सावकाराने सांगितले असते तर आपण त्यास काय म्हटले असते?

यावर उत्तर असे देण्यात येते की, ज्ञान शिळे होते. सात वर्षांपूर्वी शिकलेले आज उपयोगाचे राहत नाही. हे उत्तर वरकरणी शास्त्रीय दिसते, म्हणून त्याची थोडी परीक्षा करू. ज्याने तिन्ही वर्षे पुरी करून १९९० साली पदवी घेतली, त्याचे ज्ञान शिळे झाले म्हणून त्याची पदवी कोणी परत मागितली आहे काय? तो त्या पदवीवर शिक्षक आहे, अधिकारी आहे, कदाचित प्रवेशाचे नियम करणाऱ्या समितीचा सभासदही आहे. तीन वर्षांचे ज्ञान जन्मभर ताजे राहते आणि दोन वर्षांचे मात्र सात वर्षांत आंबते, हा रसायनशास्त्राचा कोणता सिद्धान्त? काही विषयांत सामग्री खरोखर बदलते हे आम्ही नाकारीत नाही. संगणकशास्त्र, कायदा, करपद्धती, जीवशास्त्राच्या काही शाखा यांत वीस वर्षांपूर्वीचे शिक्षण अपुरे पडेल. तर मग त्या विषयांत एक-दोन उजळणीच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात. परंतु ज्ञानेश्वरीवरील प्रश्नपत्रिका २००४ साली उत्तीर्ण झालेल्या बाईस आज ज्ञानेश्वरी शिळी झाली असे सांगण्याचे धाडस कोणी करू नये.

दुसरा आक्षेप दर्जाचा. हा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे, आणि तो करणारे पुष्कळदा प्रामाणिक असतात. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे. ते म्हणतात की, दारे सैल केली तर पदवीची किंमत उतरेल. आमचा प्रश्न असा की, पदवीची किंमत दारात ठरते की शेवटच्या परीक्षेत? अठरा वर्षांच्या मुलास प्रवेश देताना बारावीचे गुण पाहावे लागतात, कारण त्याच्याविषयी दुसरी माहिती नसते. ते गुण म्हणजे पुढे तो काय करील याचा एक अंदाज असतो. चाळीस वर्षांच्या माणसाविषयी तो अंदाज वापरणे म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या पंचांगावरून आजचा मुहूर्त काढणे होय. त्याची आज परीक्षा घ्या. ती कडक घ्या. आम्ही सवलत मागत नाही, आम्ही परीक्षा मागत आहोत. आणि परीक्षा घेणे हे ज्यांचे कामच आहे त्यांनी ती नाकारावी हे चमत्कारिक आहे.

आणि हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली ज्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, त्या लंडन विद्यापीठाने दुसऱ्याच वर्षी, १८५८ साली, आपल्या पदवीपरीक्षा कोठेही अभ्यास केलेल्या उमेदवारांस खुल्या केल्या. आपण लंडनची परीक्षा उचलली आणि मोकळीक तेथेच ठेवली. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची सोय ठेवली, कारण ज्यांच्यासाठी ते विद्यापीठ होते त्या बायका घरात होत्या हे त्यांस दिसत होते. इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठास सनद मिळाली आणि १९७१ पासून तेथे विद्यार्थी घेतले जाऊ लागले. पदवीच्या बहुतेक अभ्यासक्रमांस पूर्वपरीक्षेची अट ठेवली नाही. त्यामुळे इंग्लंडातील पदव्यांची किंमत उतरली असे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडेही हे तत्त्व कागदावर एकदा आले होते. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या १९८५च्या नियमांत, दूरशिक्षणाने पदवी घेऊ इच्छिणाऱ्या माणसाकडे पूर्वीचा शैक्षणिक दाखला नसेल आणि त्याचे वय एकवीस वर्षांहून कमी नसेल, तर विद्यापीठाने घेतलेल्या प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर त्यास प्रवेश द्यावा, अशी तरतूद होती. एकवीस वर्षे वय आणि एक परीक्षा. किती साधा, किती समंजस नियम! परंतु तो दूरशिक्षणापुरताच राहिला. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथील नियमित महाविद्यालयांच्या दारापर्यंत तो कधी आला नाही. आणि पुढे सरकारी नोकरभरतीत मुक्त मार्गाने मिळविलेल्या पदव्यांविषयी संशय घेण्याची रीत पडली. तमिळनाडूत तर दहावी-बारावीवाचून मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांस सरकारी नोकरीचे दार बंद करण्यात आले. म्हणजे एका हाताने वाट दाखवावयाची आणि दुसऱ्या हाताने त्या वाटेने आलेल्यास परत लावावयाचे.

तिसरा आक्षेप असा की, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे ना, मग इतरांस त्रास कशाला? १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ऋण आम्ही जाणतो. प्राचार्य राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी या विद्यापीठाने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला, आणि त्या एका पायरीने खेड्यांतील असंख्य माणसे पदवीपर्यंत चढली. परंतु एका विद्यापीठाने दार उघडले म्हणून बाकीच्यांनी आपली बंद ठेवावी, हे म्हणणे कसले? गावात एक धर्मशाळा बांधली की घरोघरच्या लोकांनी पाहुण्यास पाणी देण्याचे सोडावे, अशातला हा प्रकार झाला. शिवाय जिची दोन वर्षे पुणे विद्यापीठात झाली, तिचा हक्क त्याच विद्यापीठावर आहे. तिने फी भरली, परीक्षा दिली, उत्तीर्ण झाली; विद्यापीठाने तिच्या गुणपत्रिकेवर शिक्का मारला. तो शिक्का जर वीस वर्षांनी त्याच विद्यापीठात चालत नसेल, तर लोकांनी तो कोठे चालवावा?

चौथा आक्षेप जागांचा: तरुणांस जागा पुरत नाहीत, मग प्रौढांस कोठून द्यावयाच्या? परंतु प्रौढ मनुष्य वसतिगृह मागत नाही, क्रीडांगण मागत नाही, शिष्यवृत्तीच्या रांगेतही तो बहुधा नसतो. त्यास हवे आहे ते परीक्षाकेंद्र, ग्रंथालयाचे कार्ड, आणि रविवारी किंवा संध्याकाळी एखाद्या प्राध्यापकाचे मार्गदर्शन. पुणे विद्यापीठाने बहिःस्थ विद्यार्थ्यांची सोय दीर्घकाळ चालविली होती. तेव्हा हे अशक्य आहे असे निदान त्याने तरी म्हणू नये.

पाचवा आक्षेप उघड बोलला जात नाही, परंतु मनात असतो. तो असा की, या लोकांस विद्या नको आहे, बढतीसाठी कागद हवा आहे. असेल! अंगणवाडी सेविकेस पर्यवेक्षिका व्हावयाचे असेल, साखर कारखान्यातील लेखनिकास वरची जागा हवी असेल. आणि अठरा वर्षांचे तरुण काय निखळ ज्ञानपिपासेने प्रवेशाच्या रांगेत उभे असतात? ज्या हेतूबद्दल तरुणास आपण व्यवहारी म्हणून शाबासकी देतो, त्याच हेतूबद्दल प्रौढास स्वार्थी म्हणावयाचे हे न्यायाचे नव्हे. आमचा अनुभव तर असा आहे की, जो मनुष्य दिवसभराचे काम आटोपून रात्री दहाला पुस्तक उघडतो, त्याने ते केवळ कागदासाठी उघडले असले तरी वाचता वाचता त्यास त्याची गोडी लागते.

राहिली बनावट पदव्यांची भीती. ही भीती खरी आहे. ‘घरबसल्या पदवी’च्या जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर सर्वांनी पाहिल्या आहेत. परंतु ही दुकाने चालतात कोणामुळे? ज्यास सरळ दाराने आत येता येत नाही तोच मागल्या दाराचा भाव विचारतो. विद्यापीठांनी प्रौढांसाठी एक प्रामाणिक, कठीण आणि उघडे दार ठेवले तर या दुकानदारांचे निम्मे गिऱ्हाईक उद्याच तुटेल. कठोर नियमांनी भामट्यांचे कधी नुकसान होत नाही. नुकसान होते ते नियम पाळणाऱ्यांचे.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. नगर हे चिलखती दलाच्या शिक्षणाचे केंद्र. माजी सैनिक येथे पुष्कळ. मॅट्रिक झालेल्या व पंधरा वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकास, पदवीची अट असलेल्या तिसऱ्या वर्गाच्या नोकऱ्यांसाठी पात्र समजावे, असा केंद्र सरकारचा नियम आहे. पंधरा वर्षांची शिस्त, जबाबदारी आणि अनुभव यांची किंमत पदवीइतकी आहे हे सरकारने नोकरीपुरते मान्य केले आहे. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही अनुभवास श्रेयांक देण्याचे तत्त्व आले आहे. मग तोच सुभेदार उद्या महाविद्यालयात इतिहासाची पदवी घेण्यास आला तर त्याची पंधरा वर्षे कोठे जातात? त्याला फुकट पदवी द्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्याजवळ जे आहे ते मोजून पाहण्याची तरी तसदी घ्यावी.

केवळ टीका करून थांबणे आमच्या प्रकृतीस मानवत नाही. म्हणून काय व्हावे तेही सांगतो. एक, एकवीस वर्षे पुरी केलेल्या कोणासही प्रवेशपरीक्षा देऊन पदवीच्या पहिल्या वर्षास बसता यावे, मग दाखला असो वा नसो. आणि हा नियम नियमित महाविद्यालयांसही लागू असावा. दोन, ज्या वर्षाची परीक्षा विद्यापीठाने एकदा उत्तीर्ण म्हणून जाहीर केली ते वर्ष कधीही रद्द समजू नये. विषय फार बदलला असेल तेथे उजळणीची प्रश्नपत्रिका घ्यावी, संपूर्ण वर्ष पुन्हा लादू नये. तीन, श्रेयांकांच्या पेढीत २०२१ पूर्वीचे शिक्षणही जमा करून घ्यावे आणि सात वर्षांची मुदत प्रौढांपुरती काढून टाकावी. चार, हजेरीची अट प्रौढांस लावताना संध्याकाळचे व रविवारचे वर्ग धरावेत, आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत परीक्षांच्या तारखा गळिताचा हंगाम पाहून ठरवाव्यात. पाच, प्रत्येक महाविद्यालयात परत आलेल्या विद्यार्थ्यांची प्रकरणे पाहणारा एक प्राध्यापक नेमावा, म्हणजे त्यांस खिडकीवरून खिडकीवर फिरावे लागणार नाही. यांपैकी कोणत्याही गोष्टीस नवी इमारत लागत नाही.

१९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी नगरला महाविद्यालय काढले तेव्हा हा जिल्हा कोरडवाहू, कर्जबाजारी आणि मागासलेला म्हणून ओळखला जात होता. येथे महाविद्यालय कशास, असे म्हणणारे तेव्हाही असतील. ते दूरचे शिक्षण जवळ आणण्याचे काम होते. आता उरले आहे ते उशिराचे शिक्षण वेळेत बसविण्याचे काम, आणि ते पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

शेवटी एक शब्द आमच्या वाचक कुटुंबांस. विद्यापीठाचे नियम बदलेपर्यंत वाट पाहणे भाग आहे. परंतु एक नियम आजच आपल्या हाती आहे. घरातील वहिनी, सूनबाई किंवा आई जेव्हा म्हणते की मला राहिलेले वर्ष पुरे करावेसे वाटते, तेव्हा तिला पहिला नकार विद्यापीठ देत नाही. “आता या वयात कशाला?” हे वाक्य कोणत्याही परिपत्रकात छापलेले नाही, ते आपल्या माजघरात, चहा पिता पिता, अगदी प्रेमाने उच्चारले जाते. मुलाच्या बारावीसाठी सारे घर दूरदर्शन बंद ठेवते, आवाज न करता चालते. आईच्या परीक्षेच्या दिवशी मात्र डबा वेळेवर मिळाला पाहिजे. विद्यापीठांविषयी आम्ही जे लिहिले ते ज्यांस पटले, त्यांनी प्रथम आपल्या घरातील ही अलिखित अट काढून टाकावी. तिची जुनी गुणपत्रिका कपाटाच्या तळातून बाहेर काढावी, तिच्याबरोबर महाविद्यालयात जावे, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागावा. लेखी नकारांचा ढीग साचला म्हणजे नियम करणाऱ्यांस त्याकडे पाहावेच लागेल.

विद्यापीठांस आमचे सांगणे इतकेच की, आपण सावित्रीबाईंचे नाव घेतले आहे. आपल्याकडे वसा घेतल्यावर उतू नये, मातू नये, तो टाकू नये अशी रीत आहे. नाव पाटीवर लागले. आता वसा प्रवेशाच्या नियमांत दिसू द्या.